लवणारा बर्फ, तडकणारं पोलाद

लंडनच्या स्मिथफील्ड भागात मांसाचा घाऊक बाजार शतकानुशतकं भरत आला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर या बाजाराखालचं, जमिनीत पाच मजले खोल असलेलं एक मोठं शीतगृह ब्रिटिश सैन्याने ताब्यात घेतलं. पुढच्या बाजूला जनावरांची गोठलेली धडं टांगलेली आणि त्यांच्या आडोशाला एक गुप्त प्रयोगशाळा. आतलं तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्याही खाली. काम करणाऱ्यांच्या अंगावर वैमानिकांसाठी बनवलेले, विजेवर ऊब देणारे पोशाख. दिवसभर ही माणसं बर्फ तयार करत, कापत, वाकवत आणि फोडत.

या प्रयोगशाळेचे प्रमुख होते मॅक्स पेरुट्झ. १९१४ साली व्हिएन्नात जन्मलेले पेरुट्झ १९३६मध्ये संशोधनासाठी केंब्रिजला आले. १९३८च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या उंचीवर राहून पडलेल्या हिमाचा हिमनदीतला बर्फ कसा होतो, याचा अभ्यास केला. १९४० साली ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून नजरकैदेत टाकलं आणि कॅनडाला रवाना केलं. सुटून परतल्यावर त्याच सरकारला त्यांची गरज पडली, कारण बर्फाच्या स्फटिकांची जाण असलेली माणसं मोजकीच होती. हिमोग्लोबिनच्या रेणूची रचना उलगडल्याबद्दल त्यांना १९६२मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, त्यामुळे जग त्यांना जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखतं. या प्रकरणात मात्र आपल्याला त्यांचा बर्फ हवा आहे.

बर्फाचं जहाज

अटलांटिक महासागराच्या मध्यभागी त्या काळी जर्मन पाणबुड्यांनी हैदोस घातला होता. किनाऱ्यावरून उडालेली विमानं तिथपर्यंत पोहोचत नसत, त्यामुळे मालवाहू जहाजांच्या डोक्यावर छत्र उरत नसे. जेफ्री पाइक नावाच्या कल्पक इंग्रज गृहस्थाने १९४२मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांच्यापुढे एक योजना ठेवली: समुद्राच्या मधोमध बर्फाचा तरंगता विमानतळ उभारायचा. पोलाद दुर्मीळ होतं आणि पाण्याला तोटा नव्हता. पाणतीर लागून भगदाड पडलं, तरी पाणी गोठवून ते बुजवता येणार होतं. या योजनेला ‘हबाकूक’ हे सांकेतिक नाव मिळालं. आराखड्यातल्या जहाजाची लांबी होती सुमारे ६०० मीटर आणि वजन २० लाख टनांच्या घरात.

नुसत्या बर्फावर भरवसा ठेवण्यात अडचण होती. एकसारख्या दिसणाऱ्या दोन बर्फाच्या तुळया घेतल्या, तर एक थोड्या भारानेच मोडे आणि दुसरी त्याच्या कितीतरी पट भार पेली. ज्या पदार्थाच्या ताकदीचा असा नेम नाही, त्याचं जहाज कोण बांधणार? उत्तर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनहून आलं. तिथे काम करणारे हर्मन मार्क हे व्हिएन्नात पेरुट्झ यांचे शिक्षक होते. पाण्यात लाकडाचा लगदा मिसळून ते गोठवलं, तर तयार होणारा पदार्थ विलक्षण चिवट असतो, असं मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याला आढळलं होतं. १४ टक्के लगदा आणि ८६ टक्के बर्फ अशा या मिश्रणाला पाइक यांच्या नावावरून ‘पायक्रीट’ म्हणू लागले.

स्मिथफील्डच्या तळघरात पायक्रीटच्या गुणांचा कस लागला. साध्या बर्फावर बंदुकीची गोळी झाडली की त्याच्या ठिकऱ्या उडत. पायक्रीटमध्ये गोळी लहानसा खड्डा पाडून रुतून बसे. साध्या बर्फात एकदा भेग सुरू झाली की तिला अडवायला काहीच नसतं, ती आरपार धावते. लगद्यातले तंतू तिच्या वाटेत आडवे येतात. प्रत्येक तंतू ओढून काढायला किंवा तोडायला ऊर्जा खर्ची पडते आणि भेगेचा जोर तिथेच ओसरतो. १९४३च्या ऑगस्टमध्ये क्वेबेकच्या परिषदेत माउंटबॅटन यांनी सेनाधिकाऱ्यांसमोर पिस्तुल काढून हे प्रत्यक्ष दाखवलं. साधा बर्फ फुटला, पायक्रीटवरची गोळी उसळून भलतीकडे गेली.

तरीही याच प्रयोगशाळेतल्या एका शांत निरीक्षणाने योजनेला मोठी ठेच लागली. पायक्रीटच्या तुळईवर वजन ठेवून ती तशीच राहू दिली, तर ती मोडत नसे, पण हळूहळू लवत जाई. साध्या बर्फापेक्षा तिचा वेग कमी होता, पण लवणं थांबत नव्हतं. इतकं अवजड जहाज स्वतःच्या भारानेच वाकलं असतं. ते टाळायचं तर त्याचं संपूर्ण अंग उणे १५ अंशांच्या आसपास ठेवणं भाग होतं. त्यासाठी भिंतींतून थंड हवेचे नळ खेळवायचे, बाहेरून उष्णतारोधक आवरण चढवायचं आणि पोटात शीतयंत्रांचा कारखाना बसवायचा. कॅनडातल्या जॅस्परजवळच्या पॅट्रिशिया सरोवरात त्या वर्षी सुमारे १८ मीटर लांबीची, हजार टनांची प्रतिकृती बांधली गेली आणि ती उन्हाळाभर टिकली. पण खऱ्या जहाजाला लागणारं पोलाद, मनुष्यबळ आणि पैसा यांचा हिशेब वाढत गेला. दरम्यान लांब पल्ल्याची विमानं आली, पोर्तुगालने अझोर्स बेटांवरचे तळ वापरू दिले आणि हबाकूकची गरजच संपली.

बर्फ हा तापलेला पदार्थ

गोठून घट्ट झालेला बर्फ लवतो कसा? याचं उत्तर कळायला थंड आणि गरम या शब्दांचा रोजचा अर्थ थोडा वेळ दूर ठेवावा लागतो. एखादा घन पदार्थ किती ‘तापलेला’ आहे, हे त्याच्या स्वतःच्या वितळबिंदूशी ताडून पाहायचं असतं, आणि तेही निरपेक्ष शून्यापासून मोजून. बर्फ २७३ केल्विनला वितळतो. उणे १० अंशांवरचा बर्फ २६३ केल्विनला असतो, म्हणजे वितळबिंदूच्या ९६ टक्क्यांवर. लोखंडाला त्याच्या वितळबिंदूच्या इतकं जवळ न्यायचं तर सुमारे १,४७० अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागेल. उणे ५० अंशांच्या बोचऱ्या थंडीतला बर्फसुद्धा या मोजपट्टीवर १,२०० अंशांच्या लोखंडाइतका तापलेला ठरतो, आणि त्या तापमानाचं लोखंड घणाखाली हवं तसं वळतं. आपल्याला गारठून टाकणारी थंडी बर्फाच्या लेखी भट्टीच आहे. त्याचे अणुरेणू जागच्या जागी थरथरत असतात आणि कुठून जराही दाब आला की सरकायला तयार असतात.

ते सरकतात कसे, याचा पहिला नीट शोध जेम्स मॅकॉनेल या संशोधकाने आल्प्समध्ये घेतला आणि १८९१ साली तो प्रसिद्ध केला. बर्फाचा एकच मोठा स्फटिक घेऊन त्याने तो वाकवून पाहिला. स्फटिक एका ठरावीक प्रतलातच सहज घसरत होता, पत्त्यांचा कॅट तिरका ढकलला की एकेक पत्ता सरकतो तसा. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळीच्या थरांत बसलेले असतात. थरांना समांतर घसरण सोपी, इतर दिशांनी कितीतरी पटींनी अवघड. साध्या बर्फात असे असंख्य स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून एकमेकांत अडकलेले असतात. त्यातला एक सरकू पाहतो तेव्हा शेजारचा त्याला अडवतो. भार सावकाश आला, तर हे स्फटिक आपसांत जुळवून घेत आकार बदलतात आणि बर्फ वाहतो. भार झटक्यात आला, तर जुळवून घ्यायला सवड मिळत नाही, स्फटिकांच्या सीमांवर भेगा उघडतात आणि बर्फ फुटतो. गोळीने ठिकऱ्या होणारा बर्फ आणि वजनाखाली लवणारा बर्फ एकच. फरक वेळेचा.

शीतकक्षातलं काम

आजच्या बर्फ संशोधकाचं काम या वेळेशीच बांधलेलं असतं. प्रयोगासाठी फ्रीजमधले खडे चालत नाहीत, कारण त्यात बुडबुडे असतात आणि स्फटिकांचा आकार मनाला येईल तसा असतो. म्हणून आधी स्वच्छ बर्फ कुटून चाळणीने एका मापाचे कण वेगळे करतात आणि साच्यात भरतात. त्यातली हवा पंपाने खेचून घेतात, शून्य अंशावरचं, हवा काढून टाकलेलं पाणी आत सोडतात आणि ते एका बाजूने सावकाश गोठू देतात. सगळीकडून एकदम गोठवलं तर फुगणारा गाभा बाहेरच्या कवचाला तडे घालतो. तयार नमुन्याची टोकं घासून अचूक समांतर करायची, तो यंत्रात बसवायचा, भार ठेवायचा आणि थांबायचं. तासाला केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक पडतो. असे प्रयोग कित्येक आठवडे, काही वेळा महिने चालतात. या काळात खोलीचं तापमान अंशाच्या अल्पशा भागानेही ढळून चालत नाही, कारण वितळबिंदूजवळ तेवढ्यानेही बर्फाचा वेग बदलतो.

प्रयोगानंतर नमुन्याची पातळ चकती कापून ती काचेवर चिकटवतात आणि रंध्याने तासत अर्धा मिलिमीटरपर्यंत आणतात. परस्परांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक काचांमधून ती पाहिली की क्षणापूर्वी पारदर्शक असलेल्या बर्फात निळे, तांबडे, पिवळे तुकडे उमटतात. एकेक रंगाचा तुकडा म्हणजे एकेक स्फटिक. कोणता स्फटिक कुठे वळला, कोणता नव्याने जन्मला, हे त्यातून वाचता येतं.

थंडी नमुन्यावर काम करते तशीच माणसावर आणि उपकरणांवरही करते. बॉलपेनची शाई घट्ट होते, म्हणून नोंदी पेन्सिलीने करायच्या. बॅटरीची शक्ती झरझर उतरते, यंत्रातलं वंगण दाटतं, चिकटपट्टी चिकटत नाही. म्हणून संगणक आणि नोंदणीयंत्रं बाहेर ठेवून फक्त संवेदक आत नेतात. उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटते. जाड हातमोज्यांनी बारीक स्क्रू फिरवता येत नाही. त्यामुळे पातळ मोजे आत, जाड मोजे वर, आणि बोटं बधिर होण्याआधी बाहेर यायचं, अशी शिस्त पाळावी लागते. नमुना उघडा राहिला तर त्यातला बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन उडत राहतो, म्हणून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. थंड उपकरण बाहेर आणताना आधी पिशवीत बंद करायचं, नाहीतर खोलीतली दमट हवा त्यावर पाणी होऊन बसते. कक्षाचं दार आतून उघडलंच पाहिजे, हा नियम सर्वांत आधीचा.

बंदरात दुभंगलेलं जहाज

पेरुट्झ बर्फाचा चिवटपणा तपासत होते त्याच १९४३ साली पोलादाने सगळ्यांना धक्का दिला. १६ जानेवारीच्या रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं होतं. पाणी शांत, हवा उणे ३ अंशांच्या जवळपास. अचानक प्रचंड आवाज झाला आणि जहाजाचं डेक आणि दोन्ही बाजू क्षणात चिरत गेल्या. फक्त तळाचे पत्रे तेवढे धरून राहिले. वादळ नव्हतं, पाणतीर नव्हता, टक्कर नव्हती. त्या काळात घाईने बांधलेल्या २,७१० ‘लिबर्टी’ जहाजांपैकीही अनेकांना असे तडे गेले आणि काही तर समुद्रात दुभंगली. त्यांत माणसंही बुडाली.

संशय आला वेल्डिंगवर. पूर्वी जहाजाचे पत्रे रिव्हेटांनी जोडत. आता बांधणी झपाट्याने व्हावी म्हणून ते वेल्ड केले जात होते. ब्रिटनमध्ये या प्रश्नाची तपासणी केंब्रिजच्या अभियांत्रिकी विभागात कॉन्स्टन्स टिपर यांच्याकडे आली. १८९४ साली जन्मलेल्या टिपर यांनी १९२०च्या दशकात जी. आय. टेलर यांच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमचे एकेकटे स्फटिक ताणून ते कोणत्या प्रतलात घसरतात, हे मोजलं होतं. मॅकॉनेलने बर्फात पाहिलेली घसरण त्यांनी धातूत पाहिली होती. आता प्रश्न उलटा होता: पोलादातली घसरण थांबते कधी?

खाच पाडलेले जाड पत्रे वेगवेगळ्या तापमानांना ताणून टिपर यांनी ते तोडले आणि तुटलेल्या कडा बारकाईने तपासल्या. उबदार पोलाद तुटण्याआधी ताणलं जाई आणि त्याची कड मळकट, तंतुमय दिसे. थोडं थंड केलेलं तेच पोलाद जवळपास न ताणता तुटे आणि कडेवर स्फटिकांची सपाट पृष्ठं चमकत. मधला पट्टा अगदी अरुंद होता. त्या तापमानाच्या वर पोलाद चिवट, खाली ठिसूळ. युद्धकाळातल्या त्या पोलादाचं हे संक्रमण तापमान इतकं वर होतं की उत्तरेकडचं हिवाळ्यातलं समुद्राचं पाणीही त्याला पुरेसं थंड ठरे. भेगेचा उगम बहुधा डेकवरच्या झाकणाच्या काटकोनी कोपऱ्यात किंवा सदोष वेल्डमध्ये असे. रिव्हेटच्या जहाजात ती पत्र्याच्या कडेला थांबली असती. वेल्डने सगळं जहाज अखंड केल्याने तिला पुढे जायला मोकळी वाट मिळाली. मूळ दोष मात्र पोलादाच्या थंडीतल्या वागण्यात होता. १९४९मध्ये टिपर केंब्रिजमधल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या महिला रीडर झाल्या. १०१ वर्षांचं दीर्घायुष्य त्यांना लाभलं.

लोखंडाच्या अणुरचनेत घसरण सुरू व्हायला उष्णतेच्या थरथरीची मदत लागते. गारवा वाढला की ती मदत आटते आणि घसरण्यासाठी लागणारा ताण वाढत जातो. एका टप्प्यावर घसरण्यापेक्षा फाटणं सोपं होतं. निकेल, तांबं, अ‍ॅल्युमिनियम यांची अणुरचना वेगळी असल्याने त्यांच्यावर ही पाळी येत नाही. लोखंडाचंही संक्रमण तापमान खाली ढकलता येतं: कार्बन, गंधक, फॉस्फरस कमी करायचे, मँगॅनीज वाढवायचं, स्फटिक बारीक ठेवायचे.

पाच सेकंदांची परीक्षा

हा गुण मोजायची पद्धत फ्रेंच अभियंता जॉर्ज चार्पी यांच्या नावाने ओळखली जाते आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. १० बाय १० मिलिमीटर छेदाचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या मध्यावर २ मिलिमीटर खोल खाच पाडायची. ड्राय आइस टाकलेल्या अल्कोहोलमध्ये किंवा अधिक थंडीसाठी द्रव नायट्रोजनच्या मदतीने तो हव्या त्या तापमानाला आणायचा. मग चिमट्याने उचलून यंत्राच्या आधारांवर ठेवायचा आणि पाच सेकंदांच्या आत जड लंबक त्यावर सोडायचा. त्याहून उशीर झाला तर तुकडा तापलेला असतो आणि आकडा फसवा ठरतो. चिमट्याची टोकंही आधी तितकीच थंड करून घेतात. तुकडा तोडून लंबक पलीकडे जितका कमी वर जाईल, तितकी जास्त ऊर्जा तुकड्याने शोषली. जहाजबांधणीच्या ‘ई’ दर्जाच्या साध्या पोलादाने उणे ४० अंशांवर किमान २७ ज्यूल शोषले पाहिजेत, असा आजचा दंडक आहे. त्या आकड्यामागे दुभंगलेल्या जहाजांचा इतिहास उभा आहे.

हा धडा प्रत्येक पदार्थासाठी नव्याने शिकावा लागतो. २८ जानेवारी १९८६ला ‘चॅलेंजर’ अंतराळयान उडालं त्या सकाळी फ्लोरिडात हवा शून्याच्या आसपास होती. अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने मंदावली, दाब येताच फट बुजवायला झटकन फुगली नाही आणि सात जणांचा जीव गेला. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या जाहीर सुनावणीत त्याच रबराचा तुकडा चाप लावून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो पूर्ववत होत नाही, हे सर्वांना दाखवलं. रबर तुटलं नव्हतं, त्याला फक्त उशीर झाला होता.

आपल्याकडेही हे ज्ञान रोज कामाला येतं. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला जहाजांनी येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांवर असतो. अशा वायूच्या टाक्यांच्या आतल्या भिंतींना ९ टक्के निकेलचं पोलाद वापरायची जगभर रीत आहे. साधं पोलाद तिथे पहिल्याच दिवशी दगा देईल. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर समुद्राची दमट हवा आणि आत उणे २० अंशांचे कक्ष. अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे तिथे जपले आणि तपासले जातात.

हिमनदीचा वेग

हबाकूक बंद पडला, पण लवणाऱ्या बर्फाचा प्रश्न पेरुट्झ यांनी सोडला नाही. १९४८मध्ये ते युंगफ्राउच्या परिसरात परतले, हिमनदीत खोल भोक पाडून त्यात उभी नळी बसवली आणि ती कशी वाकते ते मोजलं. पृष्ठावरचा बर्फ सर्वांत वेगाने सरकत होता आणि तळाजवळचा सर्वांत सावकाश. पाठोपाठ केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन ग्लेन यांनी बर्फाचे नमुने दाबून वाहण्याचा नियम शोधला. भार दुप्पट केला तर बर्फाचा वेग दुप्पट होत नाही, तो सुमारे आठपट होतो. १९५०च्या दशकातल्या त्या छोट्या नमुन्यांवरून निघालेला हा नियम आज ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ समुद्राकडे किती वेगाने वाहील, याच्या गणिताच्या मुळाशी आहे.

म्हणून कोणत्याही पदार्थाच्या ताकदीचा आकडा समोर आला की तीन गोष्टी विचारायला हव्यात: किती अंशांवर, किती वेगाने आणि किती काळ? शीतकक्षात काम करणारे संशोधक आयुष्यभर हेच तीन प्रश्न विचारत असतात, आणि त्यांतला तिसरा सर्वांत महागडा असतो. खऱ्या हिमनदीतला ताण इतका अल्प आणि तिची चाल इतकी संथ असते की तिच्यासारखा एक प्रयोग नीट करायला वर्षं लागू शकतात. अशा प्रयोगाला धीर लागतो, पैसा लागतो आणि निकालाची घाई न करणारी संस्था लागते. मुंबईपासून गोव्यापर्यंतची बंदरं, पूल आणि किनाऱ्यावरच्या वस्त्या आपण पुढच्या शंभर वर्षांसाठी आखणार असू, तर समुद्र किती चढेल याचा अंदाज आपल्याला हवाच. तो अंदाज जितका या संथ प्रयोगांवर उभा असेल, तितका तो भरवशाचा असेल.